उघडताना एक सूर, मिटताना दुसरा

माझी भाची व्हायोलिन शिकते, पाश्चात्त्य पद्धतीचं. गेल्या मे महिन्यात ती सुट्टीला आमच्याकडे ठाण्याला आली, ती स्वरलिपीची वही घेऊनच. त्यांच्या तंतुवाद्यांच्या गटाला पावसाळ्यात आस्तोर पियाझोला या अर्जेंटिनाच्या टँगो रचनाकाराचा 'वेरानो पोर्तेन्यो' वाजवायचा होता. म्हणजे ब्यूनोस आयर्सचा उन्हाळा. रोज सकाळी दूध यायच्या आत तिचा रियाज सुरू व्हायचा आणि मी चहाचा कप घेऊन दाराशी ऐकत बसायचो.

सूर चोख होते, लयही पक्की होती. पण तिचा प्रत्येक आघात वरून खाली पडत होता, दगड टाकावा तसा. टँगोमधला आघात खालून वर येतो. तो ठोक्याच्या थोडा आधी कुठेतरी जन्माला येतो, फुगत येतो आणि ठोक्यावर येऊन आदळतो. टँगोवाले त्याला 'आर्रास्त्रे' म्हणतात, म्हणजे फरपट, खेच. हे कागदावर लिहिता येत नाही. फार तर एक तिरकी रेघ काढतात.

"मामा, सर सांगतात अजून जोर दे. किती देऊ? गजाचे केस तुटायला लागलेत."

जोर वाढवून ते जमणार नव्हतं. मी माळ्यावर चढलो आणि बाबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, खाली काढली.

बाबा कणकवलीजवळच्या आमच्या गावातल्या भजन मंडळाचे बुवा होते. आमच्या कोकणात गाणारा आणि पेटीवर बसणारा माणूस एकच. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, तोंडात अभंग आणि एक डोळा पखवाजवाल्याकडे. लहानपणी मी पेटीवर बसलो की भाता धपाधप मारायचो, कारण सूर तुटेल अशी भीती वाटायची. बाबा मागून येऊन माझा हात धरायचे आणि म्हणायचे, "हळू मार रे. पेटीक वायच श्वास घेवक दी."

तेच मी भाचीला करायला लावलं. आधी पट्टी दाब, हवा अगदी थोडी असू दे. सूर कुजबुजेल, तसाच राहू दे. आता भाता दे, आणि समेवर सोड. तिनं दोन-तीनदा केलं. चौथ्यांदा तो सूर खरोखर खालून उठून समेवर आला, आणि तिनं पेटीवरचा हात न काढताच माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून डोक्यात घोळणारी गोष्ट लिहून काढतोय. टँगो असो की एखाद्या मुलखाचं लोकसंगीत, ते दुसऱ्या वाद्यांवर, मोठ्या वाद्यवृंदात किंवा जॅझच्या मैफलीत नेताना धून न्यायला काहीच कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते मूळ वाद्याची अडचण सोबत न्यायला. आणि माझ्या ऐकण्यात आलं ते असं की, ज्यांनी ती अडचण नेली, त्यांचंच संगीत जिवंत राहिलं.

टँगोचं मूळ वाद्य बांदोनिऑन. ते पेटीचं सख्खं नसलं तरी चुलत भावंड नक्की. दोन्हींत पितळी किंवा पोलादी जिभा, दोन्हींत भाता, दोन्हींचा जन्म युरोपात आणि साधारण एकाच काळात, १८४० च्या आगेमागे. पेटी पॅरिसची, तिथून ती आपल्याकडे आली, पाय गमावून मांडी घालून बसली आणि कीर्तनात, भजनात, संगीत नाटकात रमली. बांदोनिऑन जर्मनीतलं. क्रेफेल्ड गावच्या हाइनरिख बांडच्या नावावरून त्याला नाव मिळालं. पुढे ते स्थलांतरितांच्या सामानातून दक्षिण अमेरिकेत पोचलं आणि रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवरच्या वस्त्यांत टँगोचा आवाज होऊन बसलं. सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डच्या कारखान्यात बनलेली 'दोन ए' छापाची वाद्यं वादक आजही जिवापाड जपतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली निर्मिती थांबली, त्यामुळे नामवंत वादकांच्या मांडीवर दिसणारं वाद्य बहुधा त्यांच्यापेक्षा वयानं मोठं असतं.

त्याची अडचण अशी. त्याला एकाहत्तर कळा. पण भाता उघडताना एका कळेतून एक सूर निघतो आणि मिटताना त्याच कळेतून दुसरा. म्हणजे एकशे बेचाळीस सूर, आणि दोन हातांचे उघडते-मिटते धरून चार वेगवेगळे नकाशे पाठ करायचे. एका तानेच्या मध्यात हवा संपली, तर बोटांची सगळी जागाच बदलते. म्हणून बरेच टँगोवादक मुख्यतः उघडतानाच वाजवतात. भाता ताणत नेतात, गुडघ्यावर वाद्याचं वजन पडू देतात आणि पूर्ण ताणला गेला की अंगठ्याजवळची हवेची कळ दाबून तो झटकन मिटवतात. त्या क्षणी एक 'हुश्श' ऐकू येतं. जुन्या ध्वनिमुद्रणांत ते स्पष्ट ऐकू येतं, आणि मला ते संगीताचाच भाग वाटतं.

या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, पेटीवरही निघत नाही. याच कारणानं आपल्या आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. आक्षेप खोटा नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीकडे नाही. पण ज्याला मींड नाही तो सगळं बोलणं हवेतून बोलतो. बाबा 'विठ्ठला' म्हणताना गळ्यानं जी घसरण घेत, ती पेटीवर येत नसे. तिथे ते भाता अर्धवट सोडून सूर विझवत आणि पुन्हा पेटवत. बांदोनिऑनवाला दुसरं काय करतो!

पियाझोलाच्या हातात हे वाद्य त्याच्या वडिलांनी दिलं. जन्म अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता गावी, १९२१ चा. कुटुंब मूळचं इटालियन. आस्तोर चार वर्षांचा असताना ते न्यूयॉर्कला गेले आणि १९२९ साली वडिलांनी गहाणवटीच्या दुकानातून एक जुनं बांदोनिऑन आणलं. वडिलांना टँगोचं वेड, पोराला मात्र रस्त्यावरचा जॅझ आणि पुढे शेजारच्या हंगेरियन पियानोवादकाकडून कानावर पडणारा बाख जास्त आवडायचा. आस्तोर तेरा-चौदा वर्षांचा असताना टँगोचा सर्वांत मोठा गायक कार्लोस गार्देल न्यूयॉर्कला चित्रपटासाठी आला होता. त्यात आस्तोरला पेपरवाल्या पोराची छोटी भूमिकाही मिळाली. गार्देलनं त्याला दौऱ्यावर यायला बोलावलं. वडील म्हणाले, अजून लहान आहे, नको. त्याच दौऱ्यात, २४ जून १९३५ रोजी, कोलंबियातल्या मेदेयिनच्या विमानतळावर गार्देल अपघातात गेला.

हे 'नको' मनात ठेवा, पुढे वडील पुन्हा येणार आहेत.

सतराव्या वर्षी तो ब्यूनोस आयर्सला आला आणि लवकरच अनिबाल त्रोइलोच्या वाद्यवृंदात शिरला. तिथे तो वाद्यरचनाही करू लागला. त्रोइलो त्याच्या रचना घ्यायचा आणि खोडरबर फिरवायचा, कारण समोर नाचणारी माणसं होती आणि त्यांना पाय टाकायला जागा लागायची. लोक ही गोष्ट त्रोइलोच्या जुनाटपणाची म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. नाचणाऱ्याच्या पायाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो खोडरबर वापरणारच. आमच्याकडे भजनातही वारकऱ्यांच्या पावलीला जागा ठेवूनच बुवाला तान घ्यावी लागते. पियाझोलाला ती जबाबदारी नको होती. त्याला ऐकणारा माणूस हवा होता, खुर्चीत बसलेला.

दरम्यान तो आल्बेर्तो हिनास्तेरा या अर्जेंटिनाच्याच रचनाकाराकडे रचना शिकत होता. १९५३ मध्ये त्याच्या 'ब्यूनोस आयर्स' सिंफनीत वाद्यवृंदाच्या मध्ये दोन बांदोनिऑन बसलेले पाहून प्रेक्षकांतच हातघाई झाली. टँगोचं वस्तीतलं वाद्य सिंफनीत कसं, हा एका बाजूचा राग. दुसऱ्या वर्षी तो पॅरिसला नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे गेला, तेव्हा आपण टँगोवाले आहोत हे त्यानं त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. त्यांनी त्याच्या सिंफनी चाळल्या. यात बार्तोक दिसतो, स्ट्राव्हिन्स्की दिसतो, पियाझोला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी त्याला त्याचा एक टँगो पियानोवर वाजवायला लावला आणि सांगितलं की पियाझोला इथे आहे, हा सोडू नकोस. बुलांजेंसारखी गुरू मिळणं भाग्याचंच. घरातल्या ज्या वस्तूची लाज वाटते तीच पुढ्यात ठेवून 'हे वाजव' म्हणायला मोठं मन लागतं.

१९५५ मध्ये परत येऊन त्यानं आठ जणांचा चमू बांधला, 'ऑक्तेतो ब्यूनोस आयर्स'. दोन बांदोनिऑन, दोन व्हायोलिन, चेलो, डबल बास, पियानो आणि त्यांच्यात इलेक्ट्रिक गिटार. गिटारवर होरासिओ माल्विसिनो, मुळात जॅझचा माणूस. टँगोमध्ये इलेक्ट्रिक गिटार! शहरात एवढा संताप उसळला की टॅक्सीवाले पियाझोलाला गाडीत घ्यायला नकार देत, असं सांगतात.

आता तालाची गोष्ट, कारण ती मला घरबसल्या सापडली आणि तिचा आनंद अजून ओसरलेला नाही. पियाझोलाच्या संगीतात आठ मात्रांचे तीन-तीन-दोन असे तुकडे सतत येतात. एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन. हा ठसा अर्जेंटिनाच्या माळरानावरच्या जुन्या मिलोंगा या गाण्याच्या प्रकारातून आला. शिवाय न्यूयॉर्कमध्ये लहानपणी ऐकलेल्या ज्यू लग्नांतल्या संगीताशी त्याचं साम्य आहे, असं तो स्वतः सांगायचा. मी तो बोटांवर मोजत बसलो होतो आणि तोंडातून आपोआप भजनी ठेका निघाला. धिं ऽ ना, धिं ऽ धिं, ना ऽ. तीन, तीन, दोन! एकाचं दुसऱ्याशी नातं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. जगभरच्या माणसांनी आठाचे असेच तुकडे केलेत. पण लहानपणापासून जो ठेका कानात आहे, त्याच ठेक्यावर ब्यूनोस आयर्सचा माणूस रागावतो, रडतो, हे कळल्यावर ते संगीत परकं राहिलं नाही. भाचीलाही मी तोच बोल दिला. आता ती ओठांत 'धिं ऽ ना' म्हणत वाजवते.

मोठ्या वाद्यवृंदांनी टँगोचं काय केलं, हे सांगताना मी थोडा कडक होतो. 'लिबेरतँगो' ही १९७४ ची धून साठ-सत्तर वादकांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की मोजदाद नाही. मुंबईतल्या एका मोठ्या सभागृहातही ऐकली. तंतुवाद्यं म्हणजे मींडेचा सागर. जे बांदोनिऑनला जन्मात जमलं नसतं ते सगळं त्यांना सहज जमतं, आणि तिथेच घात होतो. सूर सुरात वितळत जातात, कडा उरत नाहीत, श्वास संपण्याची भीतीच उरत नाही. गुळगुळीत, श्रीमंत, गोड. टाळ्या भरपूर पडल्या. मी मात्र मध्यंतरातच घरी आलो.

'ऋतूं'च्या बाबतीत गोष्ट वेगळी झाली. पियाझोलाचे चार ऋतू १९६५ ते १९७० या काळात सुटे सुटे लिहिलेले, त्याच्या पाच जणांच्या चमूसाठी. तो १९९२ मध्ये गेल्यानंतर लिओनिद देस्यात्निकोव या रचनाकारानं व्हायोलिनवादक गिदोन क्रेमरसाठी ते एकल व्हायोलिन आणि तंतुवाद्यवृंदात बांधले. बांदोनिऑन पूर्ण काढून टाकलं, आणि तरी ते जिवंत आहे. एक तर त्यानं टँगोतल्या व्हायोलिनवाल्यांच्या खरखरीत युक्त्या तशाच ठेवल्या. त्यातली 'चिचार्रा' भाची मला करून दाखवते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पलीकडे, जिथे सहसा कुणी गज नेत नाही, तिथल्या तारेवर गज घासायचा. किर्रर्र असा कोरडा आवाज येतो, मे महिन्याच्या अखेरीस आमच्या गावच्या आंब्यावर किडे ओरडतात तसा. चिचार्रा म्हणजे तोच किडा. दुसरं म्हणजे त्यात त्यानं व्हेनिसच्या विवाल्दी या जुन्या रचनाकाराच्या चार ऋतूंचे तुकडे पेरले, पण पृथ्वीचा गोल लक्षात ठेवून. ब्यूनोस आयर्सला उन्हाळा असतो तेव्हा व्हेनिसला थंडी असते. म्हणून पियाझोलाच्या उन्हाळ्यात विवाल्दीचा हिवाळा येतो. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिनं वहीत त्या जागेभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि शेजारी 'स्वेटर' असं लिहिलं.

जॅझवाल्यांपैकी जेरी मलिगनबरोबरची १९७४ ची मिलानमधली ध्वनिमुद्रिका मला जवळची वाटते आणि कारण साधं आहे. मलिगनचा बॅरिटोन सॅक्सोफोन हेही जीभ आणि हवा यांचंच वाद्य. दोघांनाही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ते एकमेकांना वाट देतात. गॅरी बर्टनपुढे मात्र कठीण काम होतं. त्याचं वाद्य व्हायब्राफोन, धातूच्या पट्ट्यांवर काठीनं मारायचं. हवेचा तिथे संबंधच नाही. बर्टननं पियाझोलाला १९६५ मध्ये ब्यूनोस आयर्सला पहिल्यांदा ऐकलं होतं. एकवीस वर्षांनी, १९८६ मध्ये, दोघं माँत्रोच्या जॅझ महोत्सवात एकत्र वाजवत होते. जॅझवाल्याला वाटतं आपण मोकळं वाजवू. इथे बहुतेक सगळं लिहिलेलं. ते ऐकताना मी बर्टनच्या सुरांपेक्षा त्यानं सोडलेल्या जागांकडे कान लावतो. सूर मारतो, दाबून टाकतो आणि एक रिकामा क्षण ठेवतो. बांदोनिऑन जिथे 'हुश्श' करतं, तिथे हा गप्प राहतो.

शहरातला टँगो सोडून अर्जेंटिनाच्या मुलखातलं संगीत पाहिलं तरी हेच दिसतं. हिनास्तेरानं गाउचो, म्हणजे तिथल्या गुराख्यांचा, मालांबो नाच 'एस्तान्सिया' या बॅलेच्या शेवटी सबंध वाद्यवृंदाला नाचायला दिला. मालांबो म्हणजे पुरुषांची पायांची चढाओढ, टाचा आपटत, थकेपर्यंत. हिनास्तेरानं थकवा काढून टाकला नाही. तीच धडक पुन्हा पुन्हा, वाद्यवृंदाची छाती भरून येईपर्यंत. आणि उत्तरेकडच्या साल्ता प्रांतातला दिनो सालूझी अगदी उलट्या वाटेनं जातो. बांदोनिऑनच त्याचं, पण टँगोचा रुबाब बाजूला ठेवून तो डोंगराकडच्या गावातल्या मिरवणुका, चर्च, संध्याकाळ हे सगळं हळूहळू उलगडतो, कधी जॅझवाल्यांबरोबर, कधी तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबर. त्याचा भाता उघडायला लागला की मिटणार कधी हे कळत नाही.

आणि मग गोलिहोव. ओस्वाल्दो गोलिहोव अर्जेंटिनाचाच. १९९० मध्ये पॅरिसमध्ये पियाझोलाला मेंदूचा झटका आला, त्या बातमीनंतर त्यानं एक रचना सुरू केली आणि १९९६ मध्ये ती पुरी केली. 'लास्ट राउंड', शेवटची फेरी. मंचावर दोन तंतुवाद्य-चौकड्या समोरासमोर, मध्ये डबल बास. बांदोनिऑन कुठेच नाही, कारण सगळी रचना म्हणजेच एक बांदोनिऑन. पहिला भाग भाता जोरानं मिटण्याचा, दुसरा भाग तो उघडत जाण्याचा, न संपणारा उसासा. त्या उसाशात गार्देलच्या ब्यूनोस आयर्सवरच्या गाण्याचं ध्रुवपद तरंगत राहतं.

त्याचं चित्रीकरण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांपुढे आमच्या जत्रेतली डबलबारी उभी राहिली. दोन बुवा समोरासमोर, दोन पेट्या, दोन पखवाज, मध्ये गर्दी आणि रात्र. एकानं गजरातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं उचलायचा. बाबा समोरच्या बुवाचा गजर ऐकताना डोळे मिटून बसत, पण डावा हात भात्यावरून काढत नसत. पट्ट्यांवर बोटं नसायची, सूर नसायचा, नुसता भाता हलत राहायचा. मला वाटायचं सवय आहे. आज वाटतं, ते समोरच्याबरोबर श्वास घेत होते.

पियाझोलाचे वडील, घरातलं नाव नोनिनो, ऑक्टोबर १९५९ मध्ये गेले. तो तेव्हा पोर्तो रिकोला नर्तकांबरोबर दौऱ्यावर होता. न्यूयॉर्कला परतला, अर्जेंटिनाला जायला पैसे नव्हते. एका खोलीत स्वतःला कोंडून घेऊन तो बाहेर आला तो 'आदिओस नोनिनो' घेऊन. वडिलांसाठी पाच वर्षांपूर्वी एक टँगो केला होता, त्यातला ठसका तसाच ठेवून मध्ये एक लांब, संथ धून घातली. पुढे आयुष्यभर तो ही रचना पुन्हा पुन्हा नव्यानं बांधत राहिला, पाच जणांसाठी, नऊ जणांसाठी, वाद्यवृंदासाठी, पियानोच्या लांबलचक आलापीसह. स्वतःच्याच धुनेचे एवढे नवे अवतार! पुरेसं झालं असं त्याला कधी वाटलं नसावं.

२ फेब्रुवारी २००२ रोजी अॅमस्टरडॅमच्या चर्चमध्ये हॉलंडच्या राजपुत्राचं लग्न लागलं. वधू माक्सिमा अर्जेंटिनाची. तिचे वडील लष्करी राजवटीच्या सरकारात होते, म्हणून त्यांना लग्नाला येता आलं नाही. बांदोनिऑनवर 'आदिओस नोनिनो' सुरू झालं आणि ती रडू लागली. त्या राजवटीनं माणसं नाहीशी केली, हे विसरून हे ऐकता येत नाही. एका मुलीचे वडील तिथे नाहीत, हेही विसरता येत नाही. ती संथ धून दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात घेते. मी ते ध्वनिमुद्रण वर्षातून एकदाच ऐकतो, बाबांच्या तिथीला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाची परत गेली. जायच्या आदल्या रात्री तिनं वही माझ्यापुढे धरली. वेरानोच्या पहिल्या पानावर, पाश्चात्त्य स्वरलिपीच्या ओळींवर, गज खाली न्यायचा तिथे पेन्सिलीनं 'उ' आणि वर न्यायचा तिथे 'मि' लिहिलेलं. उघड, मिट. पान संपेपर्यंत. तिसऱ्या ओळीत एका लांब सुरावर काहीच नव्हतं.

"इथे गं?"

"तिथे पेटी श्वास घेते," ती म्हणाली आणि व्हायोलिनची पेटी बंद करायला उठली.